रायफलचे बॅरल उतरविण्यापूर्वी आणि उतरविताना

निवडणूक जाहीर झाली की परवान्यावरील बंदुका पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचे आदेश ठिकठिकाणी निघतात. निकाल लागल्यावर मालक आपली बंदूक परत न्यायला येतो, तेव्हा कित्येकदा ती दोन-तीन वर्षांत प्रथमच एखाद्या जाणकाराच्या हाती पडलेली असते. कोकणात रानडुकरे व माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी दिलेले परवाने बरेच आहेत. इतरत्र स्वसंरक्षणाचे आहेत. अशा वेळी दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "उस्ताद, नेम लागत नाही, जरा बॅरल काढून बघा."

हे वाक्य ऐकून लगेच पान्याला हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रायफलचे बॅरल उतरविणे हे काम अवघड नाही. योग्य साधने असतील तर ते काही मिनिटांचे आहे. परंतु ते चुकीच्या रीतीने उतरविले, किंवा गरज नसताना उतरविले, तर मालकाची रायफल कायमची निकामी होते. मालकाला नवी रायफल घ्यायची तर कागदपत्रांचा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. आणि रायफल निकामी न होता नुसती बिघडली, तर त्याहून वाईट. कारण त्या बिघाडाचा पत्ता लागतो तो गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ. म्हणून या व्यवसायात असलेल्या व येऊ पाहणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंसाठी या कामाची माहिती येथे देत आहोत.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. दुनळी किंवा एकनळी मोडती बंदूक असते तिची नळी हाताने निघते. पुढचे लाकूड काढले, बंदूक मोडली, की नळी खिळीवरून सुटते. तिथे आटे नाहीत आणि जोरही नाही. छऱ्याच्या बंदुकांवर आयुष्य घालविलेले कारागीर रायफलीकडे वळतात तेव्हा त्यांची गफलत येथेच होते. बोल्टच्या रायफलीत बॅरलच्या मागच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते टोक बॉडीत पिळून घट्ट बसविलेले असते. बॉडी म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो पोलादी सांगाडा. रायफलीचा हाच मुख्य भाग होय. बॅरल झिजले तर दुसरे बसविता येते, पण बॉडी पिळवटली तर रायफल संपली असे समजावे.

आपल्याकडे खासगी परवान्यावर सर्वात जास्त दिसणारी रायफल म्हणजे इशापूरची .३१५ बोअरची. पश्चिम बंगालमधील इशापूर येथे रायफल कारखाना १९०४ पासून आहे; २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहे. या .३१५ रायफलीची घडण जुन्या ली-एनफिल्ड लष्करी रायफलीचीच आहे. बोअर तेवढा वेगळा, कारण .३०३ हे सैनिकी काडतूस असल्याने सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. त्याखालोखाल जुन्या घराण्यांतून आलेल्या मौझर ९८ जातीच्या शिकारी रायफली दुरुस्तीस येतात. पुढील विवेचन मुख्यतः या दोन जातींचे आहे.

खरोखर बॅरल काढण्याची गरज आहे काय?

नेम न लागण्याची कारणे बहुतेक वेळा बॅरलच्या बाहेर असतात. चापाच्या कवचाचे स्क्रू ढिले झालेले असतात. पावसाळ्यात फुगलेले लाकूड बॅरलला एका बाजूने रेटत असते. पडल्यामुळे माशी वाकलेली असते. मागची साईट खिळखिळी असते. यांपैकी प्रत्येक गोष्ट अर्ध्या तासात तपासता येते आणि एकालाही बॅरल उतरवावे लागत नाही.

त्यानंतर बॅरलच्या आत पाहावे. बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे धरावे. नुसता काळेपणा दिसला तर तो बहुधा साचलेला मळ व तांबे असते, ते ब्रशने व योग्य द्रावणाने निघते. गज नेहमी मागून घालावा. कित्येक मालक तोंडाकडून गज घालतात, गज कडेला घासतो आणि तोंडाची गोलाई एका बाजूने खाल्ली जाते. गोळी बाहेर पडते ती शेवटची जागा हीच असल्याने एवढ्याशा झिजेनेही नेम बिघडतो. अशा वेळी दोष बॅरलच्या पुढच्या टोकाला असतो आणि मालक मागचे टोक सोडवायला सांगत असतो!

गंजाचे खड्डे असतील तर त्याची कथा निराळी. जुन्या पद्धतीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळल्यावर जो क्षार उरतो तो मिठाचाच भाऊबंद आहे. हवेतील ओल ओढून घेतो आणि दमट हवेत पोलाद लवकर खातो. तेलाने तो क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. म्हणून जुने लष्करी कारागीर गोळीबारानंतर बॅरलमधून उकळते पाणी ओतत, कोरडे करीत आणि मग तेल लावीत. समुद्रकाठच्या ग्राहकाला ही एक गोष्ट नीट समजावून सांगितली तर त्याचे बॅरल कित्येक वर्षे टिकेल. दुकानाचे एक काम कमी होईल हे खरे, पण तो ग्राहक दुसऱ्या दुकानात जाणार नाही.

बॅरल खरोखर उतरवावे लागते ते थोड्या प्रसंगी. तोंडात चिखल किंवा कापडाचा बोळा अडकलेला असताना गोळी झाडली गेली आणि बॅरल आतून फुगले. उजेडात पाहताना आत काळी कडी दिसते आणि घट्ट चिंधी सरकविताना त्या जागी एकदम सैल लागते, ही त्याची खूण. अशा बॅरलवर इलाज नाही. चेंबर खोलवर गंजलेले असून झाडलेले काडतूस अडकते, हा दुसरा प्रसंग. आतील आटीव खाचा पार झिजल्या, हा तिसरा. या तिन्हींत बॅरल बदलणे हाच मार्ग आहे, आणि बदलायचे तर आधी उतरवायला हवे.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनविणे, विकणे यांबरोबरच दुरुस्त करणे आणि चाचणी घेणे यालाही परवाना लागतो. लोहारकाम येते, लेथ चालविता येते, म्हणून शेजाऱ्याची रायफल दुरुस्त करून दिली, असे येथे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. ज्यांच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्यांनीही आपल्या परवान्यावर नेमकी कोणती कामे लिहिलेली आहेत ते पुन्हा एकदा वाचून पाहावे. विक्रीचा परवाना म्हणजे आपोआप सर्व कामांचा परवाना नव्हे.

कलम ६ तर बॅरलशी थेट निगडित आहे. बॅरल आखूड करण्यास स्वतंत्र परवाना लागतो, आणि २०१९ पासून एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणेही याच कलमाखाली येते. म्हणजे .३१५ चे बॅरल काढून त्या जागी .३०३ चे बसवा, असे कोणी कितीही पैसे देऊन म्हणाला तरी तो सामान्य बॅरलबदल राहत नाही. येथे एक बारीक मुद्दा आहे. तोंडाची झिजलेली गोलाई दुरुस्त करताना लेथवर बॅरलची थोडी लांबी जातेच. हे "आखूड करणे" धरले जाईल की नाही, याचा निर्णय कारागिराने स्वतः करू नये. परवाना अधिकाऱ्याला आधी लेखी विचारावे व उत्तराची प्रत फाईलला लावावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कायद्यातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे उतरविलेले जुने बॅरल, मग ते फुगलेले का असेना, भंगाराच्या पोत्यात टाकण्याची वस्तू नाही. त्याची नोंद हवी, ते कुलपात हवे, आणि त्याचे पुढे काय झाले ते कागदावर हवे. कलम ८ खाली नंबर किंवा निर्मात्याची खूण खोडणे हा गुन्हा आहे, आणि खोडलेल्या नंबरची बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो खोडला असे, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. बॅरलवर नंबर असतात, पाना घसरला की ते नंबर खरवडले जातात. म्हणून वाईसमध्ये धरताना नंबरची जागा सोडून धरावे आणि काम सुरू करण्यापूर्वी सर्व नंबरांचे फोटो घेऊन ठेवावेत. मालकाचा परवाना, त्यावरील नंबर आणि रायफलीवरील नंबर जुळत नसतील तर काम स्वीकारूच नये. दुकानात ठेवलेली बंदूक ही अमानत आहे, आणि येथे अमानतीचा हिशेब पोलीसही मागतात.

उतरविण्याची रीत

रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहावे, मॅगझिन काढावे, चेंबरमध्ये बोट घालून पाहावे. बोल्ट काढून त्या रायफलीच्या नावाची चिठ्ठी बांधून बाजूला ठेवावा. एकाच टेबलावर दोन रायफली उघडल्या आणि बोल्ट अदलाबदल झाले, तर दोन्ही रायफली धोकादायक होतात. त्याचे कारण पुढे येईल.

ली-एनफिल्ड जातीत लाकूड काढताना एक खोड आहे. कुंद्याच्या आतून जो लांब बोल्ट जातो त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका पट्टीत बसलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता कुंद्याचा बोल्ट फिरविला तर ते टोक लाकूड चिरून टाकते. म्हणून पुढचे लाकूड आधी, कुंदा नंतर, हा क्रम कधीही मोडू नये. चिरलेले लाकूड घेऊन आलेल्या जितक्या एनफिल्ड आम्ही पाहिल्या, त्यांतील बहुतेकांची चीर याच जागी होती.

मग बॅरल आणि बॉडी यांच्या सांध्यावर, खालच्या बाजूला, एक अगदी बारीक रेघ मारावी. अर्धी बॅरलवर, अर्धी बॉडीवर. परत बसविताना हीच रेघ सांगते की बॅरल मूळ जागी आले की नाही. सांध्यात गंज सोडविणारे तेल सोडून एक रात्र ठेवावे. येथे घाई करणाऱ्याचे पुढे दुप्पट काम होते.

आता मुख्य गोष्ट. बॅरल स्थिर धरायचे आणि बॉडी फिरवायची. ली-एनफिल्ड आणि मौझर दोन्हींचे आटे उजवे आहेत. म्हणजे बॅरल वाईसमध्ये असताना मागून पाहिले असता बॉडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट, डावीकडे फिरते. बॅरल धरण्यासाठी बेंचवरची साधी वाईस उपयोगाची नाही. दोन जाड पोलादी ठोकळे, त्यांना आवळणारे जाड बोल्ट, आणि मधे बॅरलच्या जाडीप्रमाणे कोरलेले लाकडाचे किंवा अॅल्युमिनियमचे साचे, अशी बॅरल वाईस लागते आणि ती भिंतीला किंवा जमिनीत पक्क्या केलेल्या खांबाला बसविलेली हवी. बॅरलवरचे तेल पूर्ण पुसून साच्यात राळेची पूड भुरभुरावी. हीच राळ सारंगीच्या गजाला लावतात. ती नसेल तर बॅरल साच्यात गोल फिरते आणि त्यावरची निळी झळाळी क्षणात उतरते.

बॉडीला लावायचा पाना हा तर याहून महत्त्वाचा. तो त्याच जातीच्या बॉडीच्या आकाराचा, पुढच्या कडीला चोहोबाजूंनी घट्ट बसणारा असावा. आटे या पुढच्या कडीतच आहेत, म्हणून जोरही तेथेच लागला पाहिजे. मागे मॅगझिनच्या जागी बॉडीच्या भिंती पातळ असतात. तेथे पाना लावला किंवा बोल्टच्या पोकळीतून पहार घालून पिळले, तर आटे सुटण्याआधी भिंती पिळवटतात. डोळ्यांना काही दिसत नाही. बोल्ट मात्र एका जागी अडखळू लागतो आणि त्याच्या दोन कानांपैकी एकच कान भार घेतो. एनफिल्डच्या बोल्टचे कान मागच्या बाजूला असल्याने त्या रायफलीत हा दोष अधिकच घातक आहे. गोळीच्या धक्क्याचा भार बॉडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर येतो. नळाच्या पान्याने उतरविलेली बॅरले अनेक ठिकाणी पाहावयास मिळतात. नळाचा पाना पाण्याच्या नळासाठी आहे, एवढेच आम्ही म्हणू.

दांडा दोन-तीन फुटी पुरे. हळूहळू वाढत जाणाऱ्या जोरापेक्षा ठाम, एकदम दिलेला झटका चांगला. त्याने सांधा "टक्" असा आवाज करून सुटतो आणि नंतर बॉडी जवळजवळ हातानेच फिरते. न सुटल्यास दांडा लांब करीत जाऊ नये. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. तरीही न सुटल्यास आणि जुने बॅरल टाकूनच द्यायचे असल्यास, बॅरल लेथवर धरून बॉडीच्या लगेच पुढे बॅरलवर एक उथळ खाच घ्यावी. बॅरलचा खांदा जो बॉडीच्या तोंडावर दाबून बसलेला असतो त्याचा ताण त्याने मोकळा होतो, आणि मग दगडासारखे घट्ट बॅरलही सहज सुटते. अर्थात बॅरल वाचवायचे असेल तर हा मार्ग बंद.

आणि आग? गॅसची टॉर्च लावून बॉडी तापविण्याचा मोह येथे अनेकांना होतो. लोखंडी नट सुटत नसेल तर तापवावा, हे गॅरेजचे ज्ञान येथे आणू नये. बॉडीचे पोलाद ठराविक उष्णतेवर पाणी देऊन तयार केलेले असते. मौझरची बॉडी तर वरून कठीण, आतून चिवट अशी कवच दिलेली असते. टॉर्चने ते पाणी उतरले की कठीणपणा जातो, आणि ते बाहेरून कळत नाही.

उष्णतेचा अंदाज नजरेने घेतल्यास काय होते याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील सरकारी स्प्रिंगफिल्ड कारखान्याची १९०३ नमुन्याची रायफल पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये फुटू लागली. चौकशीत आढळले की घडाईच्या भट्टीवर जुने, अनुभवी कारागीर लालीचा रंग डोळ्यांनी पाहून उष्णता ठरवीत. ढगाळ दिवशी जो रंग दिसे, तोच भर उन्हात फिका दिसे. मग ते पोलाद आणखी तापवीत आणि ते जळून ठिसूळ होई. पुढे तेथे उष्णतामापक बसविले गेले. पण स्प्रिंगफिल्डच्या ८,००,००० च्या खालील नंबरांच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या खालील नंबरांच्या रायफली आजही तेथे संशयास्पद मानल्या जातात. त्या कारागिरांचा हुन्नर कमी नव्हता. त्यांच्या हाती मोजमाप नव्हते.

परत बसविताना

बॅरल उतरविण्याचे काम येथे संपते, पण मजुरी घ्यायची ती पुढच्या कामाची. नवे बॅरल म्हणजे नुसता स्क्रू नव्हे की फिरविला आणि घट्ट केला. एनफिल्डच्या बॅरलला इंचाला १४ आटे आहेत, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बॅरल सुमारे ०.०७१ इंच पुढेमागे होते. मौझर ९८ ला इंचाला १२, म्हणजे फेऱ्याला ०.०८३ इंच. आता दुसरा आकडा पाहा. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर ते पुढे जेथे टेकते ती जागा आणि बोल्टचे तोंड यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या कडीच्या काडतुसासाठी हे अंतर ०.०६४ इंचांपेक्षा कमी व ०.०७४ इंचांपेक्षा जास्त नसावे, असा जुना लष्करी हिशेब आहे. म्हणजे सारी मुभा एका इंचाच्या शंभराव्या भागाएवढी, पाव मिलिमीटर. बॅरल एक फेरा इकडेतिकडे झाले तर मुभेच्या सातपट फरक पडतो. .३१५ ला, मौझरच्या प्रत्येक बोअरला स्वतःचा आकडा आणि स्वतःचे गेज आहे. एकाचे गेज दुसऱ्याला लावू नये.

हे अंतर जास्त असेल तर काय होते? गोळी झाडताच काडतुसाचे पितळी कवच मागे ताणले जाते, पातळ होते आणि बुडाच्या थोडे वर तुटते. तुटले की जळता वायू बॉडीत घुसतो आणि झाडणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. अंतर कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही आणि मालक तो जोराने आदळू लागतो. बोल्ट अदलाबदल का होऊ नयेत, याचे उत्तरही हेच. प्रत्येक बोल्ट त्या त्या बॉडीला जुळवून बसविलेला असतो. ली-एनफिल्डच्या नंतरच्या, क्रमांक ४ च्या रायफलीत बोल्टची सुटी डोकी ० ते ३ अशा वाढत्या मापांत मिळत. जुन्या क्रमांक १ मध्ये, म्हणजे.३१५ ज्या घडणीची आहे तीत, आर्मररला एकेक डोके लावून पाहावे लागे.

नवे बॅरल हाताने फिरवून थांबते तेव्हा खूण मूळ रेघेच्या थोडी मागे असली पाहिजे. एनफिल्डमध्ये पंधरा अंशांच्या आसपास. उरलेले अंतर पान्याने ओढून घ्यायचे, त्यातच घट्टपणा येतो. हातानेच खूण जुळली तर बॅरल सैल राहील. खूण फार मागे असेल तर खांद्यावरून लेथने अगदी केसाएवढे काढावे, पुन्हा फिरवून पाहावे. येथे धीर लागतो. एनफिल्डमध्ये खूण नुसती दिसण्यासाठी नाही. बॅरलच्या मागच्या तोंडावर काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्यासाठी खाच असते, ती नेमकी आकड्यासमोर आली पाहिजे. बॅरलवरचा वरचा सपाट भाग बॉडीच्या माथ्याशी समांतर आला की खाच आणि माशी दोन्ही जागेवर आली असे समजावे.

अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये ११० या नमुन्यात ही सारी जुळवाजुळव एका वेगळ्या नटने सोपी केली. बॅरल गेजला टेकेपर्यंत फिरवायचे आणि बाहेरून नट आवळायचा. खांदा घासणे नाही, खूण नाही. या जातीच्या रायफली आपल्याकडे क्वचितच येतात, पण आली तर तिचा नट पाहून गोंधळू नये. तिला नटाचा खास पाना लागतो.

आटे स्वच्छ करून त्यांना न चिकटण्याचे वंगण लावावे. बॅरल बसल्यावर बोल्टमधील फायरिंग पिन व आकडा काढून गेजने तपासावे. लहान गेजवर बोल्ट हलक्या बोटाने बंद झाला पाहिजे, मोठ्यावर होता कामा नये. बोटाच्या जोरापेक्षा जास्त जोर लावला तर गेजच खोटे सांगते. गेजविना, "माझ्या हाताला कळते" म्हणून सोडलेली रायफल ग्राहकाच्या हाती देऊ नये. गेज महाग आहेत हे आम्हास मान्य आहे. एका शहरातील दोन-तीन परवानाधारक दुकानदारांनी मिळून एक संच घ्यावा. वर्षात असे काम मोजकेच येते.

इंग्लंडमध्ये बॅरल बदललेली बंदूक विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये जादा दाबाच्या काडतुसाने पुन्हा तपासून तिच्यावर शिक्का घ्यावा लागतो. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्येच सनद मिळाली होती आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ चे आहे. कारागीर कितीही नामांकित असला तरी शिक्क्यातून त्याची सुटका नाही. आपल्याकडेही बॅरल निर्मात्याच्या शिक्क्याचे, प्रूफची खूण असलेलेच घ्यावे. कोणी लेथवर नळी भोसकून स्वस्तात देत असेल तर ती नळी दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. ते कारागिराच्या जिवाचे आणि परवान्याचे एकाच वेळी नुकसान आहे.

दराबाबत आमची सूचना अशी की तपासणीची फी वेगळी सांगावी आणि बॅरल उतरविण्याची वेगळी. दोन्ही एकत्र सांगितल्या की तपासणीत बॅरल ठीक निघाले तरी ते उतरविण्याचा मोह होतो, आणि ग्राहकालाही वाटते की पैसे दिले तर काम झालेच पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी काय दोष आढळला आणि काय करणार हे दोन ओळींत लिहून मालकाची सही घ्यावी. न सुटणाऱ्या बॅरलचा धोकाही त्यातच लिहावा.

हे काम शिकायचे तर पुस्तकापेक्षा माणूस बरा. सैन्याच्या ईएमई शाखेत हत्यारे सांभाळणारे आर्मरर असतात. निवृत्त होऊन गावी आलेला असा एखादा माणूस परवानाधारक दुकानात आठवड्यातून दोन दिवस बसला, तरी दुकानातील शागिर्दांना गेज धरण्यापासून सगळे शिकता येईल. बिहारमधील मुंगेर येथे नवाब मीर कासीमच्या काळापासून, म्हणजे १७६० च्या दशकापासून बंदुकीचे कारागीर आहेत आणि तेथील परवानाधारक कारखान्यांतही जुने हात आहेत; पण त्यांची खासियत छऱ्याच्या बंदुकीची आहे, हे विसरू नये.

चाचणीची गोळी परवान्यातील अटींप्रमाणे, ठरलेल्या जागीच झाडावी. पहिली गोळी रायफल खांद्याला न लावता, पक्क्या आधारात बांधून, दोरीने चाप ओढून झाडावी. झाडलेले काडतूस हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावे. बुडाच्या वर सभोवार चकाकणारी कडी दिसली तर पितळ ताणले जात आहे. रायफल पुन्हा उघडावी. टोपी बाहेर आलेली असेल तरी तसेच. कडी नसेल, टोपी बुडाशी सपाट असेल, तर काडतूस पाकिटात घालून त्यावर तारीख, रायफलीचा नंबर आणि गेजची नोंद लिहावी व ते पाकीट जुन्या बॅरलच्या पावतीसोबत मालकाच्या फाईलला टाचावे. सहा महिन्यांनी तोच मालक पुन्हा आला की त्या दिवशी झाडलेले काडतूस या काडतुसाशेजारी ठेवून पाहता येते.